मुंबई–अलिबाग : पाण्यावरची शेजारवाट

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक-मंडळातील भगिनींनी मला बजावले होते की, पाककृती पुष्कळ आल्या आहेत, कवितांनाही तोटा नाही. तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तहनामे आणि सनावळ्या उभ्या राहतात आणि परीक्षेच्या आठवणीने अंगावर काटा येतो. पण राजांच्या गादीला असतो तसा रोजच्या पायवाटेलाही इतिहास असतो. आपल्या परळ-लालबागच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या ज्या एका वाटेने माणसे गावाहून आली आणि सणासुदीला गावी परतली, ती मुंबई व अलिबाग यांच्यामधली पाण्यावरची वाट. आज मी लिहिणार आहे ते तिच्याविषयी.

नकाशा पाहिला तर मुंबई आणि अलिबाग ही अगदी शेजारशेजारची गावे. मधे बंदराचे पाणी आणि धरमतरच्या खाडीचे तोंड, एवढाच काय तो आडपडदा. पाण्यावरून भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत जेमतेम १८-१९ किलोमीटर. गाडीरस्त्याने मात्र पनवेल, पेण, वडखळ असा खाडीला वळसा घालून जावे लागते आणि तोच पल्ला १०० किलोमीटरच्या घरात जातो. शेजारणीच्या स्वयंपाकघराची खिडकी आपल्या खिडकीसमोर असावी, पण तिच्या दारात जायचे तर आळीला पुरता वेढा घालावा लागावा, त्यातलाच हा प्रकार. म्हणून शतकानुशतके लोकांनी खिडकीचीच वाट धरली.

आपल्या भाषेत खाडी ओलांडायच्या ठिकाणाला 'तर' म्हणतात. धरमतर या नावात हाच शब्द बसलेला आहे. गाव वसले ते पलीकडे जाण्याच्या सोयीसाठी, आणि नाव पडले तेही त्या सोयीवरूनच. दुसरी गंमत कुलाब्याची. मुंबईच्या दक्षिण टोकाला एक कुलाबा आहे आणि अलिबागच्या समुद्रात उभा असलेला किल्लाही कुलाबाच. अलिबाग ज्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे, त्या जिल्ह्यालाही १९८१ साली 'रायगड' हे नाव मिळेपर्यंत कुलाबा जिल्हाच म्हणत. पाण्याच्या दोन्ही काठांवर एकच नाव नांदते आहे, यावरून हे शेजारपण किती जुने असेल याची कल्पना यावी.

हे शेजारपण नेहमीच गोडीगुलाबीचे होते असे मात्र नाही. १६७९ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा उठला, कारण खांदेरी ज्याच्या हाती, त्याला मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक जहाज दिसणार. त्यांनी आपली जहाजे पाठवून वेढा घातला. पण इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याच्या आणि खोल पाण्याच्या भरवशावर चालणारी. आपल्या लोकांच्या लहान, चपळ होड्या उथळ पाण्यातून वल्ही मारीत रात्रीच्या अंधारात बेटावर दाणागोटा व चुना पोचवीत राहिल्या. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना समेट करावा लागला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. तिच्या शेजारची उंदेरी पुढे सिद्दीने बळकावली, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर आले कान्होजी आंग्रे. कुलाब्याच्या किल्ल्यात बसून त्यांनी या किनाऱ्यावर असा दरारा बसविला की, १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर केलेला हल्ला फसला, आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले तरी त्यांना हात हलवीत परतावे लागले. १७२९ साली कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. १९९८ साली खांदेरी बेटाला त्यांचे नाव देण्यात आले आणि जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले निवडले, त्यांत खांदेरीही आहे. हे सांगायचे कारण इतकेच की, आज आपण ज्या पाण्यावरून शेंगदाणे खात सहलीला जातो, त्या पाण्याचे मोल आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

राज्ये आली-गेली, पण पडाव, मचवे आणि होड्या चालतच राहिल्या. अलिबागेकडची भाजी, नारळ, सुपारी, सुकी मासळी, पांढऱ्या कांद्याच्या माळा मुंबईला यायच्या. मुंबईहून कापड, रॉकेल आणि मनिऑर्डरी तिकडे जायच्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वस्ती वाढली, तशी उतारूंसाठी व मालासाठी बांधीव धक्क्याची गरज भासू लागली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाचे एक पाठारे प्रभू गृहस्थ होते. लोक त्यांना 'भाऊ' म्हणत. त्यांनी १८४० च्या सुमारास समुद्रात भर टाकून धक्का बांधला. सरकारदरबारी त्याला कोणतेही नाव असो, लोकांच्या तोंडी तो भाऊचा धक्का झाला. मूळ धक्क्याची जागा आता राहिली नाही, बंदराच्या वाढीत ती गिळली गेली. पण पुढे माझगावच्या बाजूला जो नवा धक्का झाला, त्यालाही लोकांनी तेच नाव लावले. इंग्रज गव्हर्नरांच्या नावांचे किती बंदर आणि रस्ते पुसले गेले. 'भाऊ' मात्र अजून माणसांना बोटीत बसवून देतात.

मग वाफेच्या बोटी आल्या. कोकणच्या बाजूला शेफर्ड कंपनीच्या बोटी चालू लागल्या आणि त्यांच्या मागून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा परक्यांच्या हातातला हा धंदा आपण का करू नये, असा विचार काही मंडळींनी केला आणि भागभांडवल जमवून एक आगबोट कंपनी काढली. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. नाव किती बोलके पाहा! तिच्या बोटींना संतांची नावे असत : तुकाराम, रामदास. आपल्या माणसाच्या बोटीतून, संताचे नाव घेऊन गावी जायचे, यात गरीब उतारूला केवढा दिलासा वाटत असेल!

त्या काळच्या बोटीच्या प्रवासाचे वर्णन आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींनी आपापल्या आयांकडून ऐकले असेल. डेकवर चटया अंथरायच्या, ट्रंका आणि वळकट्यांचे कुंपण करायचे आणि त्यात मुलांना बसवायचे. कोणाच्या टोपलीत कोंबडी, कोणाच्या मांडीवर देवघरातला गणपती. बोट डुलू लागली की लिंबू हुंगायचे. कोकणातल्या अनेक बंदरांना धक्काच नसे. बोट खोल पाण्यात थांबे, किनाऱ्याहून पडाव येत, आणि हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात लुगड्याचा ओचा सावरीत उतरायचे, ही बायकांच्या धैर्याची खरी कसोटी असे. लेकुरवाळीने आधी मूल पडावातल्या अनोळखी माणसाच्या हातात द्यायचे आणि मग स्वतः पाऊल टाकायचे. असा विश्वास टाकल्याशिवाय त्या काळी माहेर दिसत नसे.

समुद्राचा विश्वास मात्र कोणी धरू नये. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात सापडून बुडाल्या. पावसाळा सरला होता, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन तीन महिने झाले होते, आणि तरीही हे घडले. कोकणातल्या कित्येक घरांत त्या वर्षीची दिवाळी सरतासरताच सुतक आले.

यानंतरची हकीकत ही माझ्या या लेखाचे खरे कारण आहे, आणि ती सांगण्यापूर्वी आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या सासूबाई रेवसच्या बाजूच्या. त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत कामाला होते. लग्न होऊन त्या मुंबईत आल्या, संसार केला, मुले मोठी केली, नातवंडे पाहिली; माहेरी जाणे-येणे तर नेहमीचेच. पण त्या कधीही बोटीने गेल्या नाहीत. दरवेळी एस. टी.ने, पनवेलवरून, अख्खा दिवस घालवून. आमच्याकडे दीप अमावास्येला, म्हणजे आषाढ वद्य अमावास्येला, घरातले दिवे घासून पाटावर मांडतात आणि कणकेचे दिवे उकडून त्यांची पूजा होते, तशी ती पुष्कळ घरांत होते. सासूबाई मात्र एक दिवा जास्त करीत आणि तो पाटावर न मांडता खिडकीत ठेवीत. त्या दिवशी आमच्या घरी सामिष कधी शिजले नाही. आसपासच्या चाळींत गटारी अमावास्येचा जल्लोष चाललेला असे आणि आमची खिडकी एका दिव्याने गप्प असे. नवी सून असताना मी विचारले होते, तेव्हा त्यांनी, "आमच्या मामाचा दिवा आहे तो," एवढेच सांगितले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या सुटीत आम्ही अलिबागला जायचे ठरविले. आमचे हे, मी, नणंद, तिची आणि माझी मुले. मुलांना मोटारी पोटात घेणारी नवी बोट पाहायची होती. सासूबाईंना एस. टी.ने पाठवावे की कसे, याचा खल चालला होता. तेव्हा त्याच म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर. ब्याऐंशी वर्षांची झाले. आता पाण्याला काय भ्यायचे? पण सूनबाई, काशाचा खडक कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवा."

मुलांना काशाचा खडक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. मग त्या रात्री त्यांनी सांगितले, आणि बाकीचे मी पुढे वाचून जमविले.

'रामदास' ही आगबोट १९३६ साली इंग्लंडात बांधलेली. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढ अमावास्येचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला निघाली. बोटीत सातशेच्या वर माणसे होती. सण साजरा करायला गावी निघालेले गिरणी-कामगार होते, बाजारकरी होते, बायका होत्या, मुले होती. बंदराबाहेर पडल्यावर वारा वाढला, पाऊस झोडपू लागला, लाटा उसळल्या. काशाच्या खडकाजवळ बोट एका अंगावर कलली. भिजू नये म्हणून आणि भयाने उतारू एकाच बाजूला धावले. तोच एक प्रचंड लाट आली आणि बोट उलटली. धक्का सोडून जेमतेम अर्धा-पाऊण तास झाला होता. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या इतक्या जवळ, की आकाश निवळ असते तर शहर दिसले असते.

त्याहून मन विदीर्ण करणारी गोष्ट म्हणजे कित्येक तास मुंबईला याचा पत्ताच नव्हता. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. पोहत आणि फळकुटांना धरून जे किनाऱ्याला लागले, त्यांच्या तोंडून दुपारनंतर शहराला ही वार्ता कळली. त्या बाजूच्या कोळ्यांनी पकडलेली मासळी समुद्रात टाकून दिली, होड्या रिकाम्या केल्या आणि जितकी माणसे हाती लागली तितकी वर ओढली, असे जुने लोक सांगतात. सबंध दिवसाची कमाई फेकून देऊन अनोळखी जीव होडीत घेणाऱ्या त्या कोळीबांधवांचे नाव कोणत्याही शिलालेखावर नाही.

सासूबाईंचे मामा त्या बोटीत होते. सासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या. मामा मुंबईहून येताना भाचीसाठी काचेच्या बांगड्या आणणार होते, हे त्यांना आठवते. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी गावात बातमी आली. घराघरांत दीपपूजेची मांडणी झालेली होती. त्यांची आई दिवा तसाच हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली, ती किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. भाऊ काही मिळाला नाही. पुढच्या वर्षीपासून त्या घरात एक दिवा जास्त लागू लागला, आणि आईबरोबर तो दिवा लेकीकडे आला.

या घटनेनंतर बरोबर २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. फाळणीच्या बातम्या, स्वातंत्र्याचा जल्लोष, ध्वजारोहण, रोषणाई या साऱ्या गदारोळात 'रामदास'चे दुःख ज्याचे त्याच्या घरापुरते उरले. परदेशातली एखादी बोट बुडाली तर तिच्यावर पुस्तके लिहिली जातात, चित्रपट निघतात, शाळकरी मुलांनाही तिचे नाव ठाऊक असते. आपल्या दाराशी बुडालेल्या बोटीचे नाव आमच्या मुलांनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. यात मुलांचा दोष मुळीच नाही. जे कोणी सांगितले नाही ते त्यांना कसे कळावे?

तर आम्ही निघालो. सकाळच्या वेळी भाऊच्या धक्क्यावर मासळीचा बाजार भरात होता. टोपल्या, बर्फ आणि आरडाओरडा यांतून वाट काढीत पुढे गेलो. मोटारी वाहून नेणारी ही बोटसेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. बोट ग्रीस देशात बांधलेली आहे, आणि तिच्या पोटात शंभराहून अधिक मोटारी नि वरती पाचशे माणसे मावतात. आधी मोटारींची रांग आत शिरते. मग जाडजूड फळी वर उचलली जाते आणि बोट अशी हलकेच सुटते की आपण निघालो हे धक्का मागे सरकताना पाहूनच कळते. मुले तर कठड्याला चिकटून होती. उजव्या हाताला नौदलाची जहाजे, गेटवे आणि मागे पडत जाणारे कुलाबा; डाव्या हाताला घारापुरीचे डोंगर आणि न्हावाशेवा बंदराच्या उंचच उंच याऱ्या. त्यांच्याही पलीकडे शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा नवा पूल तयार होऊन उभा होता. त्याचे पुढे दोनच आठवड्यांनी, १२ जानेवारी २०२४ रोजी, उद्घाटन झाले.

सासूबाई खालच्या माळ्यावर खिडकीशी बसल्या होत्या. शाल अंगाभोवती घट्ट लपेटली होती, पण चेहऱ्यावर भय नव्हते. अर्धा तास झाला तेव्हा त्यांनी जवळून जाणाऱ्या एका खलाशाला विचारले, "बाबा, काशाचा खडक कुठे?" तो तरुण मुलगा क्षणभर थांबला. त्याला नाव ठाऊक होते. त्याने त्यांना हाताला धरून वरती आणले आणि दक्षिणेकडे बोट दाखविले. म्हणाला, "तिकडे, आजी. माझे पणजोबा त्या दिवशी होडी घेऊन गेले होते."

त्यांनी हात जोडले. पदराच्या गाठीतून दोन हिरव्या बांगड्या काढल्या आणि पाण्यात सोडल्या. कोणीच काही बोलले नाही. नातवंडेही नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच मुलांना विचारले, "भूक लागली असेल ना रे? लाडू काढा की!" आणि डबा उघडला गेला.

मांडव्याच्या धक्क्यावर उतरलो तो त्या थेट, बांधलेल्या फरशीवरून चालत उतरल्या. "पडाव नाही, काही नाही," असे स्वतःशीच म्हणाल्या. तिथून अलिबागला बसने गेलो. वाटेत किहीमचा फाटा लागतो. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास तिथेच सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाता येते, म्हणून मुलांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवले होते. त्याप्रमाणे जाऊन आंग्र्यांच्या किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन घेतले.

अलिबागेत आणखी एक वास्तू आहे, तिची गोष्ट आमच्या मुलांना फार आवडली. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध पूर्वी मुंबईच्या कुलाब्यात घेतले जात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विजेमुळे नाजूक यंत्रे बिघडतील हे डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले. मग १९०४ साली पाण्यापलीकडे अलिबागेत, लोखंड न वापरता पोरबंदरी दगडाची इमारत उभारून, हे काम तिकडे नेण्यात आले. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. म्हणजे मुंबईच्या गजबजाटापासून जे जपायचे ते शेजारच्या अलिबागकडे ठेवायला द्यायचे! आपणही गावाला जाताना घराची किल्ली शेजारणीकडेच देतो की नाही?

आता या साऱ्याचे तात्पर्य काय, ते थोडक्यात सांगते. पाण्याच्या वाटेवर आज जी शिस्त दिसते, ती कोणी फुकट दिलेली नाही. बुडालेल्या माणसांनी तिची किंमत मोजलेली आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या उतारूंच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा आपल्याला ती गैरसोय वाटते, पण त्या बंद फाटकामागे 'रामदास' उभी आहे. बोटीत किती माणसे घ्यायची याचा आकडा रंगवलेला असतो. आपण तो वाचीतही नाही. पण सर्वांनी एका बाजूला धाव घेतली तर काय होते, ते त्या अमावास्येने सांगून ठेवले आहे.

आणि समुद्राचा धडा एकदा शिकून संपत नाही. १४ मार्च २०२० रोजी, म्हणजे नवी बोटसेवा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, मांडव्याजवळ एका प्रवासी बोटीत पाणी शिरले. तिच्यात ८८ माणसे होती. गस्तीवर असलेल्या पोलिसांच्या बोटीने वेळेवर धाव घेतली म्हणून ती सर्व वाचली. पण १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर उतारूंनी तरंगती जाकिटे घातलीच पाहिजेत, असा कटाक्ष आला. त्या बातम्या दूरदर्शनवर चालू असताना सासूबाई उठून गेल्या आणि डिसेंबर असूनही त्यांनी खिडकीत एक दिवा लावला.

पुढच्या वर्षीची मंडळाची सहल कोठे न्यावी, याची चर्चा कार्यकारिणीत चालू आहे. माझी विनंती आहे की, ती बोटीने अलिबागला न्यावी. ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांनी अवश्य यावे. आमच्या घरातील ब्याऐंशी वर्षांच्या बाईने जे केले ते आपल्यालाही जमेल. जाकीट 'साडीवर चांगले दिसत नाही' म्हणून कोणी काढून ठेवू नये. मुलांना कठड्यावर चढू देऊ नये. खलाशाने बसा म्हटले की बसावे, त्याच्याशी हुज्जत घालू नये. आणि काशाच्या खडकाची दिशा मुलांना दाखवावी, गोष्ट सांगावी, मग खुशाल गाण्याच्या भेंड्या लावाव्यात. शोक करायला म्हणून जायचे नाही. पण आपण कोणाच्या वाटेने चाललो आहोत हे ठाऊक असावे.

दुसरी विनंती त्याहून लहान आहे. दरवर्षी आषाढ अमावास्येला मंडळात दीपपूजन होते. समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून आपण मांडतो, आणि आपल्या भगिनींच्या हातचे कणकेचे दिवे तर सबंध वस्तीत नावाजलेले. यंदापासून त्यांत एक दिवा अधिक करावा आणि तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. गिरणीतून सुटी घेऊन सणासाठी घरी निघालेल्या आणि न पोचलेल्या त्या साऱ्यांसाठी, आणि मासळी टाकून धावलेल्या त्या कोळीबांधवांसाठीही. मूठभर कणीक आणि चमचाभर तूप, यापेक्षा अधिक खर्च नाही. दिवा कोणाचा म्हणून मुले विचारतील. विचारू द्यावे, विचारतील तेव्हा त्यांना सांगता येईल.